माझं अडलं नाही, मग लेकीचं का अडेल?

पत्र थोडक्यात असं: बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका वडिलांनी लिहिलं आहे. वय ३६, उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये लेथवर काम. मुलगी साडेचार वर्षांची. अंगणवाडीत चुरमुरे वाटताना ती हात उताणा करत नाही, मूठ पालथीच धरते, हे तिथल्या बाईंच्या लक्षात आलं. एक्स-रे काढल्यावर कळलं की दोन्ही हातांची कोपराखालची दोन हाडं जन्मापासून एकमेकांना जुळलेली आहेत. डॉक्टरांनी नाव सांगितलं, कंजेनायटल रेडिओ-अल्नार सायनोस्टॉसिस. अंगठा वर म्हणजे शून्य धरलं, तर उजवा हात ७० अंश पालथा, डावा ४० च्या आसपास. डॉक्टरांनी सहज वडिलांचे हात तपासले, तर त्यांचा डावाही तसाच निघाला, पण थोडाच पालथा. त्यांना आजवर पत्ता नव्हता.

आता घरात तीन तोंडं तीन दिशांना आहेत. बायको म्हणते ऑपरेशन लगेच करू, मुलीची जात आहे, उद्या भाकरी कशी थापेल, पाहुणे बघायला आले तर काय सांगायचं. आई म्हणते सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि सून विळीवर भाजी चिरत बसली, त्याचं हे फळ. शिवाय शेजारच्या गावात एक हाडं बसवणारा आहे, तो मालिश करून हात सोडवेल. पत्रलेखक स्वतः लिहितात, "भरतीत मेडिकलला बाद झालो तेवढं सोडलं, तर माझं आजवर काही अडलं नाही. मग लेकीचं का अडेल? एवढ्याशा पोरीच्या हाताला सुरी कशाला लावायची? माझं काही चुकतंय का?"

भाऊ,

भरतीची गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलीत. आपल्या भागात वाढलेल्या पोराला भरती म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको. पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावायचं, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दूध-अंडी पुरवायची, आणि शेवटी मेडिकलच्या रांगेत कुणीतरी "हात उलटा कर" म्हणून बाजूला उभं करायचं. का बाद केलं ते कुणी नीट समजावलं नसणार, नाहीतर लेकीचा एक्स-रे बघताना तुम्हाला एवढं नवल वाटलं नसतं. ही गोष्ट "काही अडलं नाही" यात कशी काय बसते?

टोचायला लिहीत नाही. तुमच्या पत्राची सगळी मदार तुमच्या स्वतःच्या साक्षीवर आहे, म्हणून ती साक्ष आधी तपासू या. (मी सर्जन नाही. हातापायांचे व्यायाम करून घेण्याचं काम बरीच वर्षं केलं, त्या अनुभवावरून बोलते आहे.)

तुम्ही उजवे आहात असं पत्रावरून दिसतं आणि जुळलेला हात तुमचा डावा आहे. चकची चावी तुम्ही उजव्याने फिरवता, स्क्रू ड्रायव्हर उजव्यात असतो, जेवता उजव्याने, कंडक्टरने दिलेले सुटे पैसे उजव्यात घेता. डाव्याच्या वाट्याला धरायचं काम येतं आणि थोडासा पालथा हात धरायच्या कामाला उत्तम चालतो. लेकीचे दोन्ही हात जुळलेले आहेत आणि जास्त पालथा आहे तो नेमका उजवा. फाइलवर नाव एकच असलं तरी तुमचा दिवस आणि तिचा दिवस एक नाही. म्हणून तुमचा हात बघून तिच्या हाताचा निकाल देऊ नका. वहिनींनीही तो उद्याच्या पाहुण्यांकडे बघून देऊ नये. निकाल तिच्या हाताचे अंश आणि तिचा रोजचा दिवस बघूनच लागला पाहिजे. या सगळ्या पत्रात मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचं त्याच्या अनुषंगाने आलेलं आहे.

आता हाडांचं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, रेडियस आणि अल्ना. आपण कुलपात किल्ली फिरवतो तेव्हा अल्ना जवळपास जागेवर राहतं आणि रेडियस त्याच्याभोवती फिरतं. अंगठा वर धरून मोजायला सुरुवात केली तर एरवी हात पालथ्या बाजूला ७०-८० अंश आणि उताण्या बाजूला ८० च्या आसपास वळतो. तुमच्या लेकीच्या हातात हे दोन रॉड कोपराकडच्या टोकाला वेल्ड झालेत असं समजा. कोपर वाकतं, मनगट हलतं, बोटं चालतात, फक्त फिरकी बंद. बहुतेक मुलांना यात दुखत नाही, वयाबरोबर ते वाढतही नाही, आणि खांदा व मनगट मिळून बरंचसं भागवून नेतात. त्यामुळे तुमच्यासारखी माणसं अर्धं आयुष्य काढतात आणि त्यांना वाटतं की सगळ्यांचेच हात असे चालतात.

आईंच्या ग्रहणाचं काय करायचं? तारीख पुढे करा, वाद घालू नका. गर्भात ही दोन हाडं आधी कूर्चेच्या रूपात सलग असतात आणि सातव्या आठवड्याच्या सुमाराला मनगटाकडून कोपराकडे वेगळी होत जातात. कोपराजवळ ती फारकत अपुरी राहिली की हा प्रकार होतो. म्हणजे ही दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं तोवर लेकीचे हात जसे व्हायचे तसे होऊन कितीतरी दिवस उलटले होते. विळीचा आणि हाताचा काही संबंध नाही.

पण खरी गोची विज्ञानाची नाही, घरातली आहे. ग्रहणाच्या नावाने सुनेवर ठपका बसतो आणि वहिनी गेले काही महिने तो ऐकून घेत असणार. ऑपरेशनची त्यांना एवढी घाई का झाली आहे, याचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. हा ठपका तुम्हीच काढू शकता, कारण पुरावा तुमच्या डाव्या हातात आहे. काही घराण्यांत हे आईबापांकडून मुलांत उतरतं. अशा घरात प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी धरतात. एकाला थोडं, दुसऱ्याला जास्त, एकाचा एक हात, दुसऱ्याचे दोन्ही, असंही होतं. एसएमएडी-सिक्स नावाच्या जनुकातला बदल काही रुग्णांत सापडल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. तुमच्या घरात नेमकं तेच आहे की नाही हे तपासणीशिवाय कुणी सांगू शकणार नाही. पण आईंसमोर, वहिनी ऐकत असताना, "हे बहुतेक माझ्याकडून आलंय" एवढं तुम्ही म्हणा. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर जनुकीय सल्लागाराला एकदा भेटा. भेटायचं म्हणजे घाबरायचं असं नाही.

हाडं बसवणाऱ्याकडे मात्र अजिबात नेऊ नका. निखळलेलं हाड बसवतात, जुळून एक झालेलं हाड मालिशने सुटत नाही. जोर लावून पिळलं तर मोडू शकतं किंवा कोपरातलं रेडियसचं टोक जागचं हलू शकतं, आणि ते आधीच जागेवर नसण्याची शक्यता या प्रकारात असते. आईंना नातीला तेल लावायचंच असेल तर खुशाल लावू द्या, नुसतं तेल, पिळणं नाही. आजीचा हात लागल्याने नुकसान काहीच नाही.

आता आठ-दहा दिवस एक काम करा, तुम्ही आणि वहिनी दोघांनी. लेकीकडे नुसतं बघा. शिकवू नका, टोकू नका, मोबाइलवर थोडं शूटिंग करून ठेवा.

जेवताना आधी बघा. भाकरीचा तुकडा आणि भाजी ती बहुधा छान खात असेल, कारण चिमटीत धरलेला घास पालथ्या हातातूनही पडत नाही. आमटी-भात वाढा आणि मग बघा. कोपर बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंत वर जाईल, तळहात जमिनीकडेच राहील, मनगट आत मुडपून बोटांची टोकं तोंडाशी येतील आणि मान पुढे घासाकडे जाईल. वाटेत निम्मा भात फ्रॉकवर. "सांडू नको गं" असं तिला दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं, तेही मोजा. तोंड धुताना ओंजळीत पाणी राहतं का बघा. सकाळच्या प्रार्थनेला हात जोडताना कोपरं कुठे जातात, देवळात तीर्थ घेताना ती मागे सरकते का, बॉल झेलायला धजते का, हेही बघा. आणखी एक, जे विचारायला लोक लाजतात पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं आहे: शौचाला गेल्यावर तिला स्वतःचं स्वतः धुता येईल का? आज तुम्ही धुता, म्हणून प्रश्न आलेला नाही. सहा-सात वर्षांची झाली की शाळेत तिथे कुणी नसेल. तिचा डावा ४० अंशांवर आहे, म्हणजे बहुधा जमेल, पण सवय घरातच लावायला हवी.

अंश घरीही अंदाजाने बघता येतात. कोपर काटकोनात वाकवून कुशीला चिकटवायचं आणि मुठीत पेन्सिल द्यायची. पेन्सिल उभी म्हणजे शून्य. ती आतल्या बाजूला किती कलते ते समोरून फोटो काढून बघा. तुम्ही व्हर्नियरवर काम करणारा माणूस, म्हणून सांगते, या मापावर विसंबू नका. लहान मुलांची मनगटं लवचिक असतात, पेन्सिल जितकी फिरते तितकं हाड फिरलेलं नसतं. डॉक्टर मनगटाजवळच्या हाडांच्या उंचवट्यांवरून मोजतात, तेच खरं. घरचं माप फक्त पुढच्या वर्षी फरक पडला का हे बघायला.

या आठ दिवसांत वहिनींना एक गोष्ट दिसेल आणि त्यांना हायसं वाटेल. त्यांना धास्ती आहे स्वयंपाकाची, आणि स्वयंपाकघरातली बरीचशी कामं पालथ्या हाताचीच आहेत. लाटणं पालथ्या हातांनी फिरतं. भाकरी थापताना तळहात पिठावर पालथाच असतो. अडचण एकाच क्षणी येते, थापलेली भाकरी परातीतून उचलून तव्यावर टाकताना, आणि त्याला पोळपाटावर किंवा कागदावर थापून उलटी करायची युक्ती आहेच, कितीतरी बायका तशाही करतात. लिहायचं म्हणाल तर पेन पालथ्या हातातच बसतं. मोबाइल, कीबोर्ड, शिलाई मशीनवर कापड सरकवणं, सगळं पालथं. ज्या भीतीने ऑपरेशन करायचं म्हणतात ती भीतीच जागेवर नाही. (आणि मुलीची जात म्हणून भाकरीच आधी आठवावी, यावर माझं वेगळं म्हणणं आहे, पण ते पुन्हा कधीतरी. मुलगा असता तरी आमटी-भात सांडलाच असता.)

म्हणजे ऑपरेशन नकोच का? नाही, इथे मी तुमच्याशीही सहमत नाही.

आधी ऑपरेशन काय करतं ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरांत गैरसमज इथेच होतो. ऑपरेशनने हात फिरायला लागत नाही. जुळलेली हाडं नुसती कापून वेगळी केली तर ती बहुतेक वेळा पुन्हा जुळतात. मध्ये रक्तवाहिनीसकट चरबीचा थर बसवून फिरकी मिळवण्याचा प्रयोग जपानी शल्यविशारदांनी १९९८ मध्ये मांडला, पण ते नाजूक सूक्ष्मशस्त्रक्रियेचं काम आहे, सगळीकडे होत नाही. सर्रास होतं ते वेगळं. हाड कापतात, हात जास्त सोयीच्या अंशावर फिरवून ठेवतात, तार किंवा प्लेटने धरतात, वर काही आठवडे प्लास्टर. हात आधीही एकाच जागी अडकलेला होता, नंतरही अडकलेलाच राहतो, पण जागा बदलते. ७० अंश पालथा हात अंगठा वर अशा जागी किंवा त्याच्या जवळपास आला तर घास तोंडाशी सरळ येतो, पेलाही धरता येतो, आणि पालथ्या हाताच्या कामांना खांदा बाहेर काढून भागवता येतं.

कुणाला करायचं याचा ढोबळ हिशेब १९८० च्या दशकापासून चालत आलेला आहे. ६० अंशांपेक्षा जास्त पालथा असेल तर ऑपरेशनचा विचार गंभीरपणे करतात, त्यातही दोन्ही हात असतील तर जास्तच. १५-२० अंशांपर्यंत असेल तर सहसा हात लावत नाहीत. मधल्यांचा निर्णय मुलाच्या अडचणी बघून. या हिशेबाने तुमच्या डाव्या हाताला कुणी कधीच ऑपरेशन सांगितलं नसतं, आणि तुमचं म्हणणं तुमच्यापुरतं बरोबर ठरतं. लेकीचा डावाही बहुधा राहू देता येईल. उजवा ७० मात्र त्या रेषेच्या पलीकडे आहे. "सुरी कशाला लावायची" याला उत्तर द्यायची जबाबदारी आता तुमच्यावर येते.

घाई किती? वहिनींना वाटते तितकी नाही, तुम्हाला वाटते तितकी कमीही नाही. हे काम साधारणपणे शाळेच्या सुरुवातीच्या वयात करणं बरं मानतात, कारण लहान मुलांचं हाड लवकर जुळतं आणि नव्या जागेची सवय पटकन होते. मोठेपणीही करतात, पण हात फिरवताना नसा आणि रक्तवाहिन्या जास्त ताणल्या जातात. पुढच्या आठवड्यात करायलाच हवं असं काही नाही. दहावी झाल्यावर बघू, असंही नाही. तुमच्याकडे विचाराला काही महिने नक्की आहेत.

धोकेही ऐका. सगळ्यात वाईट म्हणजे ऑपरेशननंतर हातात सूज कोंडून रक्तपुरवठा दबणं. ऑपरेशनच्या पहिल्या रात्री औषध देऊनही कळ वाढतच चालली, बोटं सरळ केली की पोरगी किंचाळते, बोटं बधिर, फिकट किंवा निळसर झाली, तर सकाळची वाट न बघता नर्सला उठवायचं, आणि ती ऐकत नसेल तर ड्यूटी डॉक्टरला. नस ताणली जाऊन बोटांत किंवा मनगटात तात्पुरता अशक्तपणा येऊ शकतो, फिरवलेला हात थोडा मागे सरकू शकतो. हे प्रत्येकाला होतं असं नाही. पण ज्या सर्जनने हे सगळं आपणहून तुमच्याशी बोललं नाही, त्याच्याकडे मी माझ्या नातीला नेलं नसतं.

सर्जनला विचारायचं ते असं: तुम्ही अशी किती ऑपरेशनं केली आहेत? एक हात की दोन्ही? उजवा किती अंशांवर ठेवणार, आणि का? या शेवटच्या प्रश्नावर ठाम राहा. कोणता हात किती अंशांवर ठेवायचा यावर सर्जनांत एकमत नाही. काट्या-चमच्याने जेवणाऱ्यांना सोयीचा अंश आणि हाताने आमटी-भात खाणाऱ्यांना सोयीचा अंश एकच असेल असं नाही. मोबाइलवरचं जेवणाचं शूटिंग तिथे दाखवा, त्याचा उपयोग तुमच्या कोणत्याही वर्णनापेक्षा जास्त होईल. ऑपरेशनआधी रक्ताची साधी तपासणी होईलच, त्यात प्लेटलेट्सचा (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचा) आकडा मुद्दाम बघायला सांगा. हाडं अशी जुळलेल्या मुलांपैकी फार थोड्यांत प्लेटलेट्सही कमी असतात. लेकीच्या अंगावर कारणाशिवाय काळे-निळे डाग उठत असतील किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल तर आधीच सांगा. काही मुलांत इतर अवयवांतही फरक सापडतात, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून एकदा डोक्यापासून पायापर्यंत तपासून घ्या.

बेळगावात बिम्स आणि केएलई ही दोन मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं आहेत, पहिलं मत तिथे मिळेल. दुसरं मत लहान मुलांच्या हाडांचं किंवा हाताचं खास काम करणाऱ्या सर्जनकडून घ्या, मग तो हुबळीत असो, कोल्हापुरात, पुण्यात किंवा बेंगळूरात. भाषेचा अभिमान हॉस्पिटलच्या दाराबाहेर ठेवा. केसपेपर कन्नडमध्ये, डॉक्टर इंग्रजीत आणि आई मराठीत, अशी आपल्याकडची नेहमीची त्रेधा असते. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याच दिवशी मराठीत एका कागदावर उतरवून घरी वाचून दाखवा, नाहीतर प्रत्येकाच्या तोंडी वेगळंच ऑपरेशन फिरेल.

पैशांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण तेही डोक्यात असणारच. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल (मासिक २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला तो लागू असतो) तर त्यात बायकामुलांचाही उपचार येतो, कंपनीतून कागद काढून घ्या. लेकीचं नाव शाळेत किंवा अंगणवाडीत आहे, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवता येईल. जन्मतः असलेले दोष शोधून पुढे पाठवणं हे त्यांचंच काम आहे आणि ते फुकट आहे. कर्नाटकची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देण्याचं महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. तुमचं गाव त्यात आहे का आणि हे ऑपरेशन तिथे बसतं का, हे कोल्हापूरकडच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या तिथल्या माणसाला, आधी फोनवर विचारा. एसटीने जाऊन हात हलवत परत यायला नको.

अपंगत्वाच्या दाखल्याचा विषय घरात निघाला की मोठी माणसं तोंड फिरवतात, "पोरीच्या कपाळावर शिक्का नको." २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हालचालीचे दोषही येतात. सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी ४० टक्के लागतात. लेकीचे किती भरतील ते जिल्हा रुग्णालयातलं मंडळ तपासून ठरवेल, आधीच गृहीत धरू नका, आणि ऑपरेशन होणार असेल तर त्यानंतर मोजलेलं बरं. बेळगावात मिळालेला दाखला देशभर चालतो, उद्या ती शिकायला कोल्हापूर-पुण्याला गेली तरी. कपाटात ठेवलेला कागद कुणाला दिसत नाही. गरज पडली तर बाहेर काढता येतो.

शाळेत बाईंना एकदा भेटून दोनच गोष्टी सांगा. तिचा हात ओढून उताणा करू नये, आणि खाऊ तिला डब्यात किंवा वाटीत द्यावा. पाच मिनिटांचं काम आहे. टाळ्या ती तिच्या पद्धतीने वाजवेल. घरी जेवायला खोलगट ताटली, लांब दांड्याचा चमचा, नळाला फिरवायच्या चावीऐवजी वर-खाली होणारी दांडी, आणि दाराला गोल मुठीऐवजी आडवी कडी. हे ऑपरेशन झालं तरी लागेल, नाही झालं तरी लागेल, म्हणून आजच करून टाका. दांडी तर तुम्ही शॉपमध्येच वळवून आणाल.

आता तुमच्या हाताबद्दल. ३६ वर्षं डाव्याचं काम खांद्याने उचललं आहे. डावा खांदा किंवा मानेची डावी बाजू संध्याकाळी भरून येते का, कुशीवर झोपताना टोचतं का, हे स्वतःला खरं खरं विचारा. असेल तर लेकीच्या पुढच्या भेटीत स्वतःचाही एक्स-रे काढून घ्या. खांद्याच्या पाठीमागच्या स्नायूंना बळ देणारे चार व्यायाम कुठलाही फिजिओथेरपिस्ट शिकवेल. शिवाय तुमचा एक्स-रे लेकीच्या सर्जनलाही उपयोगी पडेल.

आणि लेकीला हे सांगा. डॉक्टरांसमोर तुमचाही हात तसाच निघाला तेव्हा ती तिथेच होती, पण तुम्ही नंतर तिच्याशी काही बोललात असं पत्रात कुठे दिसत नाही. "माझापण हात असाच आहे, बघ" म्हणून दोघांनी शेजारी शेजारी हात धरा. भरतीत काय झालं तेही ती मोठी झाल्यावर सांगा, हसत नको, जसं झालं तसं.

ऑपरेशन करायचं ठरलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीची सुरुवात धरा, म्हणजे आपल्याकडच्या शाळा जूनच्या तोंडावर उघडेपर्यंत प्लास्टर निघालेलं असेल किंवा निघायच्या बेतात असेल. त्यासाठी दुसरं मत दिवाळीपर्यंत घेऊन ठेवा. नाही करायचं ठरलं तर दर वर्षी एकदा मोजून घ्या आणि आमटी-भात खातानाचं शूटिंग दर वर्षी नवं करा.